बाद नमुने

आमच्या संचालकांना पाण्याची भीती वाटते. तळी आणि धरणं यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा प्रमुख आयुष्यात एकदाही होडीत बसलेला नाही, तरी त्याच्या खुर्चीमागे भिंतभर होडीचा फोटो लावलेला आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो फोटोकडे हात करून ‘आमचं फील्डवर्क’ असं सांगतो. फील्डवर्क आमचं, फोटो त्याचा.

मी या संस्थेची वायूची प्रयोगशाळा सांभाळते. एक लांबट खोली, दिवसभर घुरघुरणारं वायू मोजायचं यंत्र, सिरिंजांचे डबे, आणि खिडकीशी माझं टेबल. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. मी कडक आहे असं मागे बोललं जातं, आणि ते खरं आहे. या इमारतीत पाट्या टाकणाऱ्यांची इतकी गर्दी आहे की एकाने तरी कडक असायलाच हवं, असं मी बारा वर्षं मानत आले.

आमचं काम समजायला फार अक्कल लागत नाही, तरी नियोजन खात्यातल्या लोकांना मला ते दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. धरणाची वीज स्वच्छ, तिला धूर नाही, असं सगळे धरून चालतात. पण धरण बांधलं की मागची जमीन बुडते, जमिनीवरची झाडंझुडपं बुडतात, नदी वर्षानुवर्षं गाळ आणून ओतत राहते. हे सगळं तळाशी हवेवाचून कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. हवा तापवण्यात तो कोळशाच्या धुरालाही मागे टाकतो. उथळ, पसरट तळं असेल तर गॅस भरपूर आणि वीज बेताची. अरुंद, खोल दरीतलं तळं असेल तर उलट. म्हणून आता धरण कुठे बांधायचं हे ठरवण्याआधी तळं किती गॅस सोडेल हे बघावं लागतं. दर युनिट विजेमागे किती गॅस चालेल, याची मर्यादा नियोजन मंडळाने घालून दिली आहे. मर्यादेबाहेर गेलेलं धरण यादीतून जातं.

या खेपेला निवड दोनांत होती. एक म्हणजे ‘खालचं’: सपाट खोऱ्यातलं एकच मोठं धरण, चार माणसांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असं. दुसरी ‘वरची तीन’: डोंगरातल्या दऱ्यांत तीन लहान धरणं. संचालकांच्या वरचे साहेब लोक खालच्याच्या प्रेमात होते. मोठ्या भिंतीपुढे उभं राहून फोटो बरा येतो, दुसरं कारण मला कधी सापडलं नाही.

आणि खालच्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा माझा होता. त्याच नदीवर, त्याच सपाट मुलखात तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या एका धरणाचं तळं आहे. खालचं धरण झालं तर ते हुबेहूब तसंच होणार. त्या तळ्याचा गॅस मी बारा वर्षं मोजत होते आणि माझा आकडा लहान होता. त्या आकड्यावर खालचं धरण मर्यादेत आरामात बसत होतं.

मोजायची रीत साधी. नावाडी होडी घेऊन जातो आणि पाण्यावर एक पालथा टब तरंगत सोडतो. पाण्यातून निघणारा गॅस टबात साठतो. दर दहा मिनिटांनी टबातून एक सिरिंज भरायची, अशा चार. चारही माझ्याकडे येतात, मी यंत्रातून काढते आणि चार ठिपके कागदावर मांडते. गॅस संथपणे झिरपत असेल तर ठिपके सरळ रेषेत येतात. एखादा ठिपका उडी मारून वर गेला, तर त्याचा अर्थ कुणीतरी टब कलता केला, होडी हलवली, थोडक्यात गबाळेपणा केला. माझ्या टेबलामागे मी स्वतः लिहून, प्लास्टिकमध्ये घालून नियम चिकटवला होता: रेषा सरळ नसेल तर नमुना बाद.

पहिल्या दोन वर्षांत शंभरातले चाळीस नमुने बाद झाले. मी नावाड्याला सोलून काढलं. त्याच्या चालीवरून त्याला सगळे ‘बदक’ म्हणतात, ते नावही मीच पाडलेलं. प्रत्येक बाद नमुन्याला त्याला परत तळ्यावर पिटाळायचं, आणि पिटाळण्याआधी प्रयोगशाळेच्या दारात सगळ्यांसमोर हजेरी घ्यायची, असा माझा शिरस्ता होता. तिसऱ्या वर्षापासून बाद नमुने शंभरात दोनवर आले. संचालकांनी त्याबद्दल मला प्रशस्तिपत्र दिलं. त्यातल्या माझ्या हुद्द्यात चूक होती.

आता आमच्या सूनबाईंविषयी. ती नियोजन खात्यात आहे. तिथे ती मंडळी संगणकावर नदीची निळी दोरी काढतात, तिच्यावर धरणांच्या गाठी मारतात आणि कुठल्या गाठी मारल्या तर वीज जास्त आणि गॅस कमी, याचं गणित घालतात. पायाला चिखल न लागता नदी समजते, असा त्या खात्याचा समज आहे. सून वरच्या तिनांच्या बाजूची होती. तिचं गणित दरवेळी माझ्या आकड्यावर आपटून खाली यायचं. मला याचा आनंद होत नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

मंडळाची बैठक गुरुवारी होती. त्याच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी, जेवणाच्या टेबलावर तिने ताटाशेजारी एक कागद ठेवला.

“आई, तिसऱ्या वर्षी तळ्यात काय बदललं?”

“तळ्यात काय बदलणार? माणूस सुधारला. बदकाला हात स्थिर ठेवायला शिकवलं मी.”

“कसं शिकवलं?”

“ओरडून. दुसरं कसं शिकवतात?”

“जेवताना तळं काढू नका ना,” माझे चिरंजीव म्हणाले. बायको आणि आई यांच्यामध्ये बसून शांतपणे दुसऱ्यांदा वाढून घेणं, ही त्याची संसारातली एकमेव कामगिरी.

सुनेने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. “मी पहिल्या दोन वर्षांचे तुमचे बाद नमुने मागवले होते. संस्थेने पाठवले.”

“माझ्या वह्या मला न विचारता?”

“तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दिल्या असत्या?”

नसत्या दिल्या. मी पाणी प्यायले.

“मला एवढंच विचारायचंय,” ती म्हणाली. “टब कलला तर गॅस निसटेल ना? मग आकडा कमी यायला हवा. गबाळेपणाने कधी आकडा वाढेल, कधी घटेल. तुमचे दोनशे अकरा नमुने बाद आहेत. एकूण एक वरच्या बाजूला उडी मारलेले. खाली पडलेला एकही नाही.”

“तुझ्या संगणकाला विचार.”

“विचारलं. तो म्हणतो आईंना विचारा.”

मुलगा हसला. मी ताट उचललं आणि उठले. बारा वर्षं सिरिंज हातात धरलेल्या बाईला, तळ्याचा वासही न घेतलेली मुलगी ताटावर बसून शिकवते, याचा मला इतका संताप आला होता की ताट घासताना एक पेला फुटला.

दुसऱ्या दिवशी मी दार लावून वह्या काढल्या. ती चुकली आहे हे दाखवायलाच काढल्या. एक नमुना मला पुरेसा होता, खाली पडलेला फक्त एक. दोनशे अकरा पानं उलटली. प्रत्येकावर माझ्या हाताने लाल पेनने मारलेली फुली, आणि प्रत्येक फुलीखाली वर गेलेला ठिपका. काही ठिपके तर इतके वर होते की मी ते कागदाच्या समासात काढले होते. समासात काढताना आपण काय करतोय, याचा विचार दोनशे अकरा वेळा माझ्या डोक्याला शिवला नव्हता.

गॅस पाण्यात विरघळून संथ झिरपतो, तसाच तो तळाच्या गाळातून बुडबुड्यांनी एकदम वर येतो. उथळ पाण्यात तर मुख्यतः बुडबुड्यांनीच. हे मला माहीत होतं, मी हे नवीन मुलांना शिकवलेलं होतं. टबाखाली बुडबुडा फुटला की ठिपका उडी मारणार, आणि उडी मारली की माझा नियम त्याला बाद करणार. मी बारा वर्षं तळ्याचा गॅस मोजत होते आणि गॅस आला की फेकून देत होते.

पण त्यानेही कोडं सुटत नव्हतं. तिसऱ्या वर्षापासून बुडबुडे गेले कुठे?

शनिवारी सकाळी मी तळ्यावर गेले. बदक होडीतलं पाणी डब्याने उपसत होता. मला बघून त्याने डबा खाली ठेवला आणि उभा राहिला, माझ्यासमोर तो नेहमी राहतो तसा, काय चुकलं ते ऐकायला.

“चल, मला यायचंय.”

त्याने होडी सवयीने भिंतीकडे वळवली, जिथे पाणी सगळ्यात खोल आणि काळंशार आहे.

“इथे नको. पहिल्या दोन वर्षांत नमुने बिघडायचे तिकडे ने.”

“तिकडं कशाला बाई? तिकडं नमुना बिघडतोच.”

“ने म्हटलं ना.”

अर्ध्या तासाने आम्ही नदी तळ्यात शिरते त्या टोकाला पोचलो. पाणी मातकट, जेमतेम पुरुषभर. बुडालेल्या झाडांची वाळकी टोकं वर आलेली. होडी थांबली आणि मी बघत राहिले. पाणी ठिकठिकाणी फुटत होतं. इथे चार बुडबुडे, तिथे दहा, मध्येच एक घोळकाच्या घोळका वर येऊन फुटायचा आणि पुन्हा शांत.

“हे सकाळचं काहीच नाही,” बदक म्हणाला. “पाणी उतरलं की बघा. त्या खुंटांपाशी तर भात शिजल्यासारखं होतं. पलीकडच्या वळणावरही आहे. भिंतीकडं काही नसतं, मधल्या खोल पट्ट्यातही नसतं. उन्हाळ्यात मात्र या अंगाला पार त्या दगडापर्यंत येतं.”

तो बोलत राहिला, वल्ह्याने दाखवत राहिला. कुठल्या महिन्यात कुठे, किती, पाणी किती उतरल्यावर. त्याला त्या तळ्याचा बुडबुडान् बुडबुडा पाठ होता. असायलाच हवा होता, कारण दहा वर्षं तो रोज त्यांना टाळत होता. माझ्या नमुन्यांना शिस्त लागली नव्हती. त्यानेच तळ्याचा निम्मा भाग माझ्यापासून लपवून ठेवला होता, म्हणजे मला सरळ रेषा मिळतील आणि त्याला दारात उभं राहावं लागणार नाही.

“हे सगळं तुला माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस?”

“कुणाला?” तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. त्याने खरंच विचारलं. मला त्याचा भयंकर राग आला. मी टब पाण्यात सोडला आणि घड्याळ लावलं. शनिवारी आणि रविवारी मिळून आम्ही तीस नमुने घेतले, सगळे तो दाखवेल तिथे. दोन्ही दिवस मी त्याला एक शब्द बोलले नाही. ओरडले नाही आणि चांगलंही बोलले नाही.

सोमवारी यंत्राने दिलेले आकडे बघून मी दोनदा यंत्र तपासलं. संध्याकाळी सुनेच्या हातात कागद दिला. तिने जुने बाद नमुने, नवे तीस आणि बदकाने सांगितलेला उथळ पट्टा असं सगळं गणितात घातलं. तळ्याचा गॅस माझ्या आकड्याच्या नऊ पट निघाला. सगळ्या शंका खालच्या धरणाच्या पदरात टाकल्या तरी सहा पट. खालचं धरण मर्यादेच्या पार पलीकडे जात होतं. वरची तीन जिथल्या तिथे, मर्यादेत.

तिने मला काहीही सुनावलं नाही. नाक वर करून दोन शब्द बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मंगळवारी मी संचालकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चेहऱ्यावरची माशी उडू दिली नाही आणि उठून दार लावलं.

“बाई, बारा वर्षं तुम्ही चूक केली असं लिहून देणार? जाताना?”

“झाली आहे चूक.”

“झाली असेल. पण लिहायचं कसं, ते आपल्या हातात आहे. यंत्रात दोष आढळला, असं लिहा. यंत्र जुनंच आहे. त्याला काय, ते बोलणार थोडंच? तुमचं नाव राहील, संस्थेचं राहील.” त्यांनी मायेने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची बारा वर्षं मनात टर उडवली होती आणि त्या क्षणी मला ते फार समंजस गृहस्थ वाटले.

घरी येऊन मी ते वाक्य लिहून पाहिलं. छान दिसत होतं. सुनेने माझ्या खांद्यावरून वाचलं.

“आई, सही तुमची आहे. मी यात काही बोलणार नाही,” ती म्हणाली, आणि मग अर्धा तास बोलली. “यंत्रात दोष म्हटलं की बारा वर्षांची सगळी मोजणी रद्द. बाद नमुनेही रद्द, नवे तीसही रद्द, कारण यंत्र तेच. मोजणीच नाही म्हटल्यावर मंडळ पुस्तकातला सरासरी आकडा धरतं, नियमच तसा आहे. त्या सरासरीत खालचं धरण बसतं. म्हणूनच तुमच्या संचालकांना यंत्र आवडलंय. एकदा भिंत उभी राहिली की ते खोरं पन्नास वर्षं बुडबुडत राहणार आणि आपण त्याला स्वच्छ वीज म्हणणार. पद्धत चुकली असं लिहिलंत तरच नवे आकडे उभे राहतात.”

“पद्धत म्हणजे मी.”

“हो,” ती म्हणाली. आमच्या घरात इतकं थेट मला कुणी कधी बोललेलं नाही. मी कागद फाडला.

गुरुवारी बैठक झाली. लांबलचक टेबल, कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं, आणि टेबलाभोवती हवामानाच्या काळजीने खोली थंडगार करून बसलेली अकरा माणसं. अध्यक्षांनी माझं निवेदन वाचलं. त्यात मी यंत्र निर्दोष असल्याचं लिहिलं होतं, नियम माझा असल्याचं लिहिलं होतं, आणि नमुने फक्त खोल पाण्यातून आल्याचंही लिहिलं होतं. का आले, ते मात्र लिहिलं नव्हतं. तेवढी फट मी स्वतःसाठी ठेवली होती.

अध्यक्षांना ती बरोबर दिसली. “नियम चुकला, समजलं. पण दहा वर्षं नमुने फक्त खोल पाण्यातूनच कसे आले?”

“नावाडी,” संचालक लगेच म्हणाले. रात्रभर पाठ करून आल्यासारखे. “फारसा शिकलेला माणूस नाही. कामचुकारपणा केला. आम्ही कारवाई करतोय.”

टेबलाभोवती माना डोलल्या. नावाडी म्हटल्याबरोबर सगळ्यांचं समाधान झालं. मी गप्प बसले असते तर ते तिथेच मिटलं असतं. आकडे उभे राहिले असते, खालचं धरण गेलं असतं, माझी थोडीशी अब्रू गेली असती आणि बदकाची नोकरी गेली असती. त्या खोलीतल्या एकालाही त्याचं काही वाटलं नसतं.

“त्याने कामचुकारपणा केला नाही,” मी म्हणाले. “वाकडी रेषा आली की मी त्याला सगळ्यांसमोर झापायचे. म्हणून रेषा वाकडी येते त्या जागा तो टाळायला लागला. बुडबुडे कुठे आहेत हे त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. या तळ्याबद्दल आपल्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त माहीत आहे.”

“मग तुम्ही त्याला विचारलं का नाही?”

संचालक माझ्याकडे बघून डोळ्यांनी नाही-नाही करत होते. एवढी वर्षं मी त्यांना मनात हसत आले, कारण ते होडीत बसत नाहीत. मी तरी त्या होडीत कितीदा बसले होते? पहिल्या वर्षी दोनदा, आणि आता या शनिवार-रविवारी.

“नावाड्याला काय विचारायचं, असं मला वाटायचं,” मी म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, शेजारच्या दोघांशी हलक्या आवाजात बोलले आणि म्हणाले की खालचं धरण यादीतून काढण्यात येत आहे, वरच्या तिनांचं सर्वेक्षण सुरू करावं, आणि तळ्याची मोजणी पुन्हा एक वर्ष व्हावी. मोजणीच्या जागा नावाड्याने ठरवाव्यात. वरून विचारणा होईल, तेव्हा निर्णयाचं कारण इतिवृत्तात स्पष्ट हवं.

लेखनिकाने लिहिलेलं वाक्य वाचून दाखवलं. “‘नावाड्यास काय विचारावयाचे, असे प्रयोगशाळाप्रमुखांना वाटत असल्याने बारा वर्षांची मोजणी सदोष ठरली.’ एवढं असू द्यायचं का बाई, की थोडं सौम्य करू?”

“असू द्या,” मी म्हणाले.